रुग्ण ‘दुखतंय’ म्हणतो तेव्हा मदतनिसांनी काय करावे

इंदूरच्या रुग्णालयांत येणारे वयस्कर मराठी रुग्ण एरवी सराईतपणे हिंदी बोलतात, पण दुखणे वाढले की आपसूक मराठीवर येतात. रामबागेतल्या एखाद्या आजी ‘कळ येतेय’ म्हणाल्या, तर हिंदी कानाला ‘कल’ ऐकू येते आणि ‘कल डॉक्टर साहब देखेंगे’ असे उत्तर मिळते. म्हणून मराठी जाणणाऱ्या मावशींनी व वॉर्डबॉयनी रुग्णाचा शब्द बदलू नये; कळ, ठणका, चमक, आग यांपैकी जे तो म्हणाला तेच, अर्थ समजावून, सिस्टरपर्यंत पोहोचवावे. सगळ्याचे ‘दर्द है’ करून टाकले तर निदानाच्या उपयोगाचे बरेचसे गळून जाते.

हातातले काम ठेवून खाटेजवळ जावे. कुठे, केव्हापासून, पडल्यापडल्या की हलल्यावर, आणि शून्य (अजिबात नाही) ते दहा (असह्य) यांपैकी किती दुखते, एवढे विचारावे. जागा बोटाने दाखवायला सांगावी. बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या, आवळलेली मूठ, कूस बदलायला होणारा विरोध हेही सांगणेच आहे. ‘नाटक करतात’ हा शेरा वॉर्डात फार सहज मारला जातो. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत मात्र रुग्णाच्या सांगण्याचा आदर करावा, असे स्पष्ट नोंदवले आहे.

छातीत दुखत असेल, तर आकडा विचारत बसू नये. रुग्णाला चालू न देता तिथूनच सिस्टरला हाक मारावी. प्लास्टरमधल्या हातापायाचा ठणका वाढत असेल आणि बोटे बधिर किंवा निळसर वाटत असतील, तरीही तसेच करावे.

सर्वांत जास्त चूक होते ती पाय दाबण्यात. शस्त्रक्रियेनंतर पोटरी दुखते म्हणून नातेवाईक ‘जरा चेपून द्या’ म्हणतात, आणि नकार देणे उद्धटपणाचे वाटते. परंतु तिथे रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, त्यामुळे सिस्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. पोट दुखत असताना गरम पाण्याची पिशवीही स्वतःहून देऊ नये, आणि घरून आणलेली गोळी तर नाहीच.

परवानगी असेल तर कूस बदलून पाठीला उशी द्यावी. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खोकताना टाक्यांवर उशी धरायला शिकवावे. सिस्टरला सांगून आल्यावर रुग्णाकडे परत जावे, ‘सांगितलंय, आजी, त्या येताहेत’ एवढे तरी म्हणावे, आणि गोळी दिल्यानंतर साधारण तासाभराने तोच आकडा पुन्हा विचारावा.