हो शोउ वू सुरू करण्याआधीची तयारी

पांढरे केस काळे व्हावेत म्हणून चीनमध्ये हो शोउ वू ही वाळवलेली मुळी शतकानुशतकं घेतली जाते, आणि आता तिच्या कॅप्सूल ऑनलाइन कुणालाही मागवता येतात. ती घेण्याचं मनात असेल तर सगळ्यात आधी लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. या मुळीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी चीनमध्ये बऱ्याच आहेत, ब्रिटनच्या औषध नियामकानं २००६ साली तसा इशाराही दिला होता. एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिनचे सुरुवातीचे आकडे हातात असले की पुढे काही बिघडलं तर ते लगेच कळतं. आकडे आधीच वाढलेले असतील, यकृताचा आजार असेल किंवा पूर्वी याच मुळीचा त्रास झाला असेल, तर हा विचार सोडूनच द्या. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनीही हिच्या वाटेला जाऊ नये.

मग चालू औषधांची यादी करा. कोलेस्टेरॉल, टीबी, फिट्स यांवरच्या काही गोळ्यांचा ताण यकृतावर पडू शकतो, म्हणून ही यादी नेहमीच्या डॉक्टरांना आणि चिनी वैद्यांना, दोघांनाही दाखवायची. झोपेसाठी एखादं चिनी मिश्रण घेत असाल तर त्यातले घटक नीट वाचा. याच वेलीचं खोड ये च्याओ थंग या नावानं त्यात घालतात. अमेरिकेत हीच मुळी ‘फो-ती’ नावानं विकतात. अशानं एकच वनस्पती नकळत दोनदा पोटात जाते.

खरेदी करताना कॅप्सूलपेक्षा परवानाधारक चिनी औषधालयातल्या चकत्या बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चकती डोळ्यांनी पारखता येते. कच्च्या मुळीची साल तांबूस तपकिरी असते आणि आडव्या कापात ढगांसारखी वर्तुळाकार नक्षी दिसते. काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवून वा वाफवून संस्कार केलेली चकती काळपट तपकिरी असते. माणसाच्या आकाराची मुळी कुणी दाखवली तर घेऊ नका. असल्या मुळ्या दुसऱ्याच कंदांपासून घडवलेल्या असतात.

कच्ची की संस्कारित, हे पाकिटावर लिहिलेलं हवंच. कच्ची मुळी रेचक आहे, आणि केसांसाठी परंपरेनं संस्कारित मुळीच देतात. आपल्याकडे बिब्बा शोधन केल्याशिवाय पोटात देत नाहीत, तसंच हे. पण संस्कारानं धोका कमी होतो, संपत नाही. एचएलए-बी*३५:०१ हे जनुकरूप असलेल्यांना इजेची शक्यता बरीच जास्त असते, आणि बाहेरून पाहून ते कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ हे वाक्य इथे चालत नाही.

चीनच्या औषधसंहितेत रोजची मात्रा कच्च्या मुळीसाठी ३ ते ६ ग्रॅम, संस्कारित मुळीसाठी ६ ते १२ ग्रॅम दिली आहे, पण ती वैद्याच्या देखरेखीखाली. आरोग्यपूरकांसाठी २०१४ साली तिथल्या नियामकानं अनुक्रमे १.५ आणि ३ ग्रॅमची मर्यादा घातली. अर्काच्या कॅप्सूलवरचं वजन मुळीचं नसतं, तेव्हा या आकड्यांशी त्याचा मेळ घालू नका. किती दिवस घ्यायची आणि मधली रक्ततपासणी कधी करायची, हे सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून घ्या.

थांबायची लक्षणं घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा: भूक मरणं, मळमळ, कारण नसताना थकवा, अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे. यातलं एकही दिसलं की मुळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत पाकीट, पावती आणि उरलेल्या चकत्या न्या. बरं वाटल्यावर ‘थोडी घेऊन बघू’ असं अजिबात करू नका. पुन्हा घेतल्यावर इजा परत उद्भवल्याच्या नोंदी आहेत.