शेवटच्या नळावर जा: नव्या आरोग्य सेवकांसाठी थोडा अनुभव

आरोग्य सेवकाच्या नेमणुकीचा आदेश हातात पडला की वाटतं, आपण दवाखान्यात लागलो. मलाही वाटलं होतं. उपकेंद्रात रुजू झालो तेव्हा आधीच्या गृहस्थांनी चार्ज दिला तो असा: रजिस्टरांचा गठ्ठा, रक्तनमुन्याच्या काचपट्ट्यांचा डबा, पाण्यात क्लोरीन आहे का ते दाखवणाऱ्या ओ.टी. द्रावणाची बाटली आणि एक सल्ला, "भाऊसाहेबांशी बिघडू देऊ नकोस." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ मध्ये पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावाला ते भाऊसाहेबच. आणि आपण गावाला 'डॉक्टर'. कितीही सांगा, बदलत नाही.

त्या सल्ल्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. उतरंड सगळ्यांना पाठ असते. वर जिल्हा परिषदेची आरोग्य समिती आणि जिल्हा आरोग्य अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. निकष सपाटीला ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० ला. उपकेंद्र ५,००० आणि ३,००० ला. पण पाणी ग्रामपंचायतीचं. पाणी शुद्ध करायची टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर ती विकत घेणार, तिचाच माणूस टाकीत टाकणार. तपासायचं आपण, करायचं त्यांनी, आणि साथ आली की खुलासा पुन्हा आपण द्यायचा.

माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. मी रोज सकाळी टाकीखालच्या नळाचं पाणी परीक्षानळीत धरायचो, ओ.टी.चे थेंब टाकायचो, पाणी पिवळं झालं की रजिस्टरला 'क्लोरीन आहे' लिहून मोकळा. वर्षभर रजिस्टर कसं सुंदर! दुसऱ्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि आशाताईंचा फोन आला, "डॉक्टर, खालच्या वस्तीत तीन घरांत जुलाब चालू आहेत. दोघांना सलाईन लावायला नेलंय."

प्राथमिक आरोग्य केंद्रातून पथक आलं. घरोघर यादी, ओआरएसची पाकिटं, शौच नमुने, प्रत्येक घरात पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचं द्रावण. रुग्णांची घरं कागदावर मांडली तर सगळी एकाच पाइपलाइनच्या शेपटाला. तिथल्या शेवटच्या नळावर ओ.टी. केली. थेंब पडले, पाणी तसंच राहिलं, स्वच्छ, बिनरंगाचं. टाकीपाशी त्याच वेळी पिवळंधमक.

कारण पायाशीच होतं. एकदिवसाआड चाळीस मिनिटं पाणी, शेपटाला दाब नाही. म्हणून लोकांनी दारात गुडघाभर खड्डा खणून नळ खाली उतरवलेला. खड्ड्यात धुण्याभांड्याचं आणि आता पावसाचं पाणी साचलेलं, तोटी त्यात बुडालेली. पुरवठा बंद झाला की रिकामी होणारी लाइन तेच पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्याच्या हंड्यात. टाकीत कितीही पावडर ओता, उपयोग काय?

लाल कार्ड तुम्हाला माहीत असेलच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला जोखमीप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. आमच्या गावाचं तेव्हा हिरवं होतं, आणि त्या सर्वेक्षणावर सही माझी. ती रात्र काही झोपेची नव्हती.

खड्डे बुजवा म्हणून आम्ही नोटिसा काढल्या. एकही बुजला नाही. एक खड्डा तर सरपंचांच्या चुलत्यांचा. मग ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक लावली. एरवी ही बैठक सह्यांपुरतीच होते, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी भाषण केलं नाही, दोन परीक्षानळ्या टेबलावर ठेवल्या, एक पिवळी, एक कोरी. खालच्या वस्तीतल्या एक बाई म्हणाल्या, "दाब द्या, खड्डे आम्हीच बुजवतो." भाऊसाहेबांनी पंधरा दिवसांत एक व्हॉल्व्ह बसवून गावाचे दोन भाग केले, आधी खालची वस्ती, मग वरची. खड्डे बाईंनी म्हटल्याप्रमाणे बुजले. सरपंचांच्या चुलत्यांचा सगळ्यात शेवटी.

बाकी कामाचं थोडक्यात. टीसीएलचं पोतं उघडं आणि दमट जागी ठेवू देऊ नका. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं, ते उडून जातं आणि मागे नुसता चुना राहतो. जैविक तपासणीचा पाणी नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्या, आतून विसळू नका, कारण क्लोरीन निष्प्रभ करणारं रसायन आत आधीच घातलेलं असतं. बाटली थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. पुढे शनिवार-रविवार प्रयोगशाळा बंद, तरी शुक्रवारी दुपारी नमुना घेणारा माणूस मला अजून समजलेला नाही. कंटेनर सर्व्हेत, म्हणजे डासांच्या अळ्यांसाठी घरोघरची पाण्याची भांडी तपासताना, भांडं नुसतं उपडं करून पुढे जाऊ नका, आतून घासायला लावा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन्महिने टिकतात. आणि पूर्वी कागदावर भरायचो ते साथरोग सर्वेक्षणाचे अहवाल २०२१ पासून आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर जातात. रेंज नसेल तर शाळेच्या गच्चीवर जा, पण त्याच दिवशी भरा. तीन जुलाबांची नोंद तीन दिवसांनी केली तर तोवर तीसचा आकडा झालेला असतो.

आता माझी सकाळ शेपटाकडून सुरू होते. शेवटच्या घरच्या आजी मला बघितलं की ओट्यावरूनच तक्रार करतात, "डॉक्टर, पाण्याला औषधाचा लई वास मारतोय आज." मी 'बरं' म्हणतो आणि पिशवीतून परीक्षानळी काढतो.