वेरूळला गाडी-गाईड ठरवून जाताय? या चुका टाळा

संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला वेरूळ चुकत नाही. दिवाळी सरली की पाहुण्यांचे फोन सुरू होतात, "एकच दिवस आहे हो, गाडी आणि बरा गाईड बघून ठेवा." अशा किती गाड्या ठरवून दिल्या याचा हिशोब मी ठेवलेला नाही. बऱ्याच सहली छान झाल्या, काही फसल्या, आणि फसलेल्यांपैकी बहुतेक आदल्या रात्री फोनवरच फसलेल्या होत्या.

स्वतंत्र गाडी आणि स्वतःचा गाईड यांचे पैसे मोजून मिळतं काय, तर वेळ. कैलास लेण्यासमोर अर्धा तास जास्त बसावंसं वाटलं तर बसायचं, कुणी मागून "चला चला" करणार नाही. हा विकत घेतलेला वेळ लोक कसा उधळतात ते सांगतो.

मंगळवार

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. हे जगजाहीर आहे, तरी दर मंगळवारी गेटासमोर एखादी बाहेरगावची गाडी उभी दिसते. गाडी देणारा स्वतःहून बोलेल अशी आशा ठेवू नका, त्याला भाडं मिळणारच असतं. मी स्वतः एकदा साताऱ्याच्या पाहुण्यांना घेऊन मंगळवारी जाऊन आलोय. काकूंनी परतताना एवढंच विचारलं, "तुम्ही इथलेच ना?"

पोचल्यावर कळलं तर दिवस वाया घालवू नका. घृष्णेश्वर तिथून एक किलोमीटरवर आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं देऊळ निवांत बघा. वेरूळ गावातच मालोजीराजांची गढी आहे. भोसल्यांच्या घराण्याचं हे गाव, पण लेण्यांच्या नादात तिकडे फारसं कुणी वळत नाही. मग परतीच्या वाटेवर देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा किल्ला. सकाळी सातच्या आत शहरातच लक्षात आलं, तर गाडी सरळ अजिंठ्याकडे वळवता येते. अंतर शंभरेक किलोमीटर आहे, तेव्हा गाडीवाल्याशी नवं भाडं बोलूनच निघा.

गाडी ठरली म्हणजे गाईड ठरला असं समजणं

"गाईड है ना साथ में?" "हाँ साहब, सब है." या ‘सब’चा अर्थ पुष्कळदा ड्रायव्हर हाच गाईड असा निघतो. तो गेटापर्यंत आणतो, "वो सामने कैलास है" म्हणतो आणि सीट मागे टाकून झोपतो. त्याची चूक नाही, त्याचं काम गाडी चालवणं आहे.

म्हणून दोन्ही वेगवेगळं ठरवा. गाईडकडे पर्यटन मंत्रालयाचा परवाना आणि ओळखपत्र आहे का, तो मराठीत सांगणार की हिंदीत, पैसे माणशी की सगळ्यांचे मिळून, किती तासांचे, आणि जैन लेण्यांपर्यंत येणार की कैलास दाखवून निघणार, हे सगळं आधी विचारायचं. शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही. कैलास, दहा आणि बारा नंबर दाखवून "बाकी सब सेम है" म्हणणारे पुष्कळ भेटतात. बाकी सेम नाही. बत्तीस नंबरच्या इंद्रसभेच्या छतावरचं कमळ मान मोडेपर्यंत बघत राहावं असं आहे.

गाडीचं भाडं ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं सांगतात. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन साठ. ऐकायला भरपूर वाटतं. पण मोजणी गाडीवाल्याच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत असते, हे बिल हातात आल्यावर कळतं. सकाळी सहाला निघालात तर आठ तास दुपारी दोनलाच संपतात, आणि वेरूळची खरी वेळ त्यानंतर सुरू होते. बारा तासांचं बोला. पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून आकडा लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर चालतो.

आणखी एक वाक्य त्याच मेसेजमध्ये टाका: वाटेत दुकानात थांबायचं नाही. हिमरू आणि पैठणी ही या भागाची अस्सल कारागिरी आहे, जरूर घ्या, पण वेगळ्या दिवशी, आपल्या पायांनी जाऊन. "पाच मिनट, सिर्फ देखना है" यात माझ्या एका मित्राच्या सहलीचे सव्वा तास गेले, आणि सूर्य काही थांबला नाही.

एका दिवसात सगळा जिल्हा

देवगिरी, भद्रा मारुती, औरंगजेबाची कबर, वेरूळ, घृष्णेश्वर, येताना पाणचक्की आणि बीबी का मकबरा. ही यादी मला दरवर्षी कुणीतरी पाठवतं. होते पूर्ण, गाडीच्या काचेतून. देवगिरीच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या चढून उतरलेली माणसं वेरूळला पोचतात तेव्हा त्यांना लेणी नको असतात, सावली हवी असते. वेरूळ आणि घृष्णेश्वर एवढं एका दिवसाला भरपूर आहे. देवगिरी बघायचाच असेल तर दुसरा दिवस काढा, नाहीतर खालून नमस्कार करा. वेरूळ-अजिंठा एकाच दिवसात करू म्हणणाऱ्याला तर मी गाडीच ठरवून देत नाही.

सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र या दिवशी घृष्णेश्वराच्या रांगेत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना कमरेवरचे कपडे उतरवावे लागतात, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. आमच्या एका जावईबापूंनी बाहेरूनच हात जोडले होते.

एक ते चौतीस ओळीनं बघणं

ही चूक शिकलेली माणसं जास्त करतात. चौतीस लेणी आहेत, तर एकपासून सुरुवात. पण हे नंबर दक्षिणेकडून उत्तरेकडे डोंगराच्या कडेनं टाकलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. त्यावरून ‘आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन’ अशी गोष्ट तयार होते आणि गाईडही ती खुशाल सांगतात. अनेक अभ्यासकांच्या मते एकवीस नंबरचं रामेश्वर आणि एकोणतीस नंबरचं धुमार लेणं ही इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहेत, सहाव्या शतकातली. नंबर आणि काळ यांचा मेळ घालायला गेलं की गोंधळ होतो.

त्यापेक्षा उन्हाचा क्रम धरा. डोंगराची कड पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी कैलासाचं अंगण सावलीत आणि गार असतं, तेव्हा तिथे गर्दीही नसते. दुपारनंतर ऊन समोरून लेण्यांच्या आत शिरायला लागतं. माझा ठरलेला क्रम असा: गेट उघडताच कैलास, तासभर. मग उत्तरेला जैन लेणी. ती किलोमीटरभर लांब आहेत. तिथून धुमार लेणं आणि रामेश्वर. जेवण. तीनच्या सुमारास दहा नंबर, आणि शेवटी पुन्हा कैलास. इकडून तिकडे ही येरझार बसच्या सहलीत शक्य नाही. गाडी आणि गाईड आपले असतील तर त्यात काहीच अवघड नाही, फक्त गाईडला सकाळीच सांगा, नाहीतर कैलासातून बाहेर पडताच तो सवयीनं डावीकडे, बौद्ध लेण्यांकडे वळेल.

दहा नंबर म्हणजे विश्वकर्मा, गावात ‘सुतार झोपडी’ म्हणतात. वेरूळमधलं हे एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. छताच्या फासळ्या पाहिल्या की नाव का पडलं ते कळतं: लाकडी घराचे वासे हुबेहूब दगडात कोरलेत, ज्यांचा छताला तोलायला काही उपयोग नाही. दुपारचं ऊन वरच्या खिडकीतून बसलेल्या बुद्धाकडे सरकतं तेव्हा गाईडला म्हणावं, दोन मिनिटं काही बोलू नका.

गाईडची प्रत्येक गोष्ट गिळणं, किंवा एकही न ऐकणं

कैलासात शिरलात की पंधरा मिनिटांत गाईडच्या बोलण्यात परग्रहवासी येतात. "इतना पत्थर इंसान निकाल ही नहीं सकता." इथे वाद घालू नका, हिशोब घाला. अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद. मागची कड तीस मीटरची, पुढे डोंगर उतरता. सरासरी खोली अठरा मीटर धरली आणि मधे उभं राहिलेलं देऊळ वजा केलं, तर काढलेला बेसॉल्ट दीडेक लाख टन भरतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द इ.स. ७५६ ते ७७३. तेवढ्याच वर्षांत सगळं झालं असं मानलं तरी रोजचे तीस टन. अडीचशे पाथरवट धरले तर माणशी सव्वाशे किलोसुद्धा नाही. शिवाय काम एकाच राजाच्या काळात आटोपलं नाही. हा हिशोब मी एका गाईडला जमिनीवर काडीनं मांडून दाखवला. तो हसून म्हणाला, "साहेब, खरं सांगितलं तर लोक फोटो काढायला निघून जातात."

त्याचंही खरंच होतं. म्हणून त्याला दुसरं काही विचारा. "टाकीचे घाव कुठे दिसतात ते दाखवा" म्हणा. अंगणाच्या मागच्या कड्यावर उभे, लांब घाव अजून स्पष्ट आहेत, बोट फिरवलं तर माणसाच्या हाताची लय कळते. इ.स. ८१२च्या बडोद्याच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या या देवळाचं वर्णन आहे: विमानातून जाणारे देव थक्क होतात, आणि हे मी कसं केलं म्हणून खुद्द शिल्पीही. बाराशे वर्षांपूर्वी कारागिराला जे नवल वाटलं, ते आपण यानातल्या पाहुण्यांना देऊन टाकतो.

चांगला गाईड ओळखायचा तो दक्षिणेकडच्या रावणाच्या शिल्पापाशी. साधा गाईड सांगतो, "रावण कैलास पर्वत हलवतोय," आणि पुढे जातो. माझ्या ओळखीचे एक म्हातारे गाईड तिथे आधी गप्प उभे राहत आणि मग बॅटरी खालून वर नेत. आधी रावणाचे पसरलेले हात, सगळा जोर लावलेले. मग वर शंकर, अगदी निवांत, नुसता पाय टेकवून बसलेला. बिलगलेली पार्वती. आणि अगदी शेवटी, कडेला, बॅटरीचा झोत एका दासीवर: ती पाठ फिरवून पळत सुटलीय. "सगळ्या लेण्यात घाबरलेली ही एकच बाई," ते म्हणत, "देवाला माहीत आहे काही होणार नाही, हिला कुणी सांगितलंच नाही." अशी बॅटरी आपल्याजवळही ठेवा. मोबाईलचा उजेड तिथे पुरत नाही.

ओळखपत्र हॉटेलात ठेवणं

भारतीयांना तिकीट ४० रुपये आणि परदेशी नागरिकांना ६००, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. परदेशातून आलेल्या मराठी घरांत इथे घोळ होतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असेल तर भारतीयांचाच दर लागतो, पण कार्ड दाखवावं लागतं. न्यू जर्सीची आमची मावसबहीण कार्डं हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आली होती. अस्खलित मराठीत तिनं खिडकीतल्या माणसाशी वीस मिनिटं हुज्जत घातली. शेवटी चार माणसांचे चोवीसशे भरले आणि दिवसभर तेच बोलत राहिली.

किरकोळ, पण दिवस बिघडवणारं

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पाहुण्यांची रजा असली तरी येऊ देऊ नका. पावसाळ्यात धुमार लेण्याजवळ धबधबा कोसळतो, फार देखणा, पण दगड शेवाळलेले असतात. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. बारा नंबरच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना तळमजल्यावर बसवून वरचं वर्णन गाईडकडून ऐकवा. खाण्याची पिशवी हातात धरून फिरू नका, माकडं पिशवी ओळखतात. ड्रायव्हरचा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या आणि गाडी नेमकी कुठे लागलीय त्याचा फोटो काढून ठेवा.

शेवटच्या तासात कैलासाच्या बाहेरून डोंगरावर चढता येतं. मंडपाच्या छतावरचं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह वरूनच दिसतात. कडेला जपून, सेल्फीसाठी मागे सरकायची ही जागा नाही. सूर्यास्ताला गेट बंद होतं, तेव्हा साडेपाचला खाली उतरायला लागा.

परतताना दौलताबादच्या घाटात हंगामात सीताफळं आणि पेरू, म्हणजे इथल्या भाषेत जाम, घेऊन बायका बसलेल्या असतात. गाडी थांबवायला सांगा, तेवढ्यासाठी थांबायला हरकत नाही. पाटीचा भाव विचारा आणि सीताफळं जरा कडकच निवडा, पुण्या-मुंबईला पोचेपर्यंत पिकतात.