फिशरच्या उपचारात या चुका टाळा

शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखी कळ, नंतर तास-दोन तास आग आणि लालभडक रक्ताचे चार थेंब. घरात लगेच निदान होतं, 'मूळव्याध!' पण साध्या मूळव्याधीत बहुधा रक्त जातं, दुखत नाही. जीवघेणं दुखतं ते फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेली चीर. जुन्या फिशरच्या टोकाशी कातडीचा कोंब वाढतो. तो हाताला लागला की लोक मूळव्याधीची ट्यूब आणतात. त्यातलं बधिर करणारं औषध तेवढ्यापुरतं बरं वाटायला लावतं, आणि स्टिरॉइड असेल तर महिनोन्महिने लावून कातडी पातळ होते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे दुखेल या भीतीने शौच दाबून धरणं. मळ आतच सुकतो, खडा होतो आणि चीर पुन्हा फाटते. दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, मग जखम भरणार कशी? डॉक्टर डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम देतात ते हा स्नायू सैल व्हावा म्हणून. नायट्रोग्लिसरीनमुळे डोकं दुखू शकतं, तसं झालं तर डॉक्टरांना सांगा. मलम साधारण 6 ते 8 आठवडे लावायचं असतं. आठवड्यात कळ थांबते, ट्यूब कपाटात जाते, आणि पुढच्या लग्नाच्या जेवणानंतर सगळं पहिल्यापासून सुरू!

इसबगोल घोटभर पाण्यात गिळू नका, पूर्ण पेलाभर पाणी हवं, नाहीतर बद्धकोष्ठ उलट वाढतं. जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू ठेवा. कोंडा चाळून टाकलेल्या पिठाची पोळी खाऊन वर चूर्ण घेण्यात काय हशील?

टबमध्ये कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसा, विशेषतः शौचानंतर. त्यात डेटॉल नको. जेट स्प्रेचा जोरही कमी ठेवा. कमोडवर बसत असाल तर पायाखाली पाट घ्या. मोबाईल बाहेर.

एवढं करूनही दोन महिन्यांत जखम भरली नाही, तर सर्जनला दाखवा. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन देतात किंवा स्नायूचा थोडा भाग कापण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. शस्त्रक्रियेत वायू-मळावरचा ताबा कमी होण्याचा थोडा धोका असतो, तो आधी विचारून घ्या. चीर पुढच्या किंवा मागच्या मध्यावर नसून बाजूला असेल, वजन घटत असेल, ताप किंवा पू येत असेल, तर दोन महिने थांबूच नका. त्यामागे क्षयरोग, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) किंवा कर्करोगही असू शकतो.