उपग्रहाच्या तापमान नियंत्रणात या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चकचकीत पृष्ठभाग उन्हात थंड राहील असे गृहीत धरणे. लखलखीत ॲल्युमिनियम सूर्यप्रकाशाचा सुमारे १५ टक्केच भाग शोषते हे खरे, पण त्याची उत्सर्जकता, म्हणजे उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता, जेमतेम ०.०५ असल्याने शोषलेली उष्णता त्याला बाहेर टाकता येत नाही, आणि निर्वातात ती वाहून न्यायला वाराही नसतो. पाठीमागून उष्णतारोधन केलेला असा पत्रा पृथ्वीच्या कक्षेत समोरून ऊन घेत राहिला, म्हणजे दर चौरस मीटरला १३६१ वॉट, तर गणिताने तो सुमारे २४५ अंश सेल्सिअसला पोहोचतो; त्यालाच ०.२ शोषकता (उन्हाचा शोषला जाणारा वाटा) आणि ०.९ उत्सर्जकता असलेला पांढरा रंग दिला, तर तो उणे ३ अंशांच्या आसपास स्थिरावतो. तेव्हा पाहायचे ते शोषकता आणि उत्सर्जकता या दोहोंचे गुणोत्तर.

अर्थात हा हिशेब कोऱ्या रंगाचा झाला. अतिनील किरणांनी रंग काळवंडून शोषकता ०.४ झाली, की तोच पत्रा ४८ अंशांवर जातो. म्हणून रेडिएटरचे (उष्णता अवकाशात टाकणाऱ्या पृष्ठभागाचे) क्षेत्रफळ मोहिमेच्या अखेरच्या दिवसाचे आकडे घेऊनच ठरवावे.

बहुस्तरीय ब्लँकेटच्या, म्हणजे उपग्रहाभोवतीच्या पातळ चकचकीत थरांच्या उष्णतारोधक आवरणाच्या, बाबतीत थर वाढवण्याचा मोह आवरावा. (त्याचा सोनेरी रंग बहुधा सोन्याचा नसून ॲल्युमिनियमवरच्या कॅप्टॉन या प्लास्टिकचा असतो.) गळती बहुतेकदा थरांमधून होत नाही, ती शिवणींतून, कोपऱ्यांतून आणि तारांसाठी पाडलेल्या छिद्रांतून होते. बसवताना ब्लँकेट ताणून आवळले, तर थर एकमेकांना टेकतात आणि उष्णतेला सरळ वाट मिळते, त्यामुळे ते सैलच ठेवावे. थरांना बारीक छिद्रे नसतील, तर उड्डाणावेळी अडकलेली हवा ब्लँकेट फुगवते, प्रसंगी फाडते. थरांमधून उष्णता नेणाऱ्या याच हवेमुळे टेबलावर घेतलेली चाचणी निरर्थक ठरते. निर्वात कक्षाला पर्याय नाही.

त्या कक्षात एखादी इलेक्ट्रॉनिक पेटी गणितापेक्षा गरम निघाली, तर संशय आधी तिच्या बुडावर घ्यावा. दोन धातूंचे पृष्ठभाग वरकरणी घट्ट बसलेले दिसले तरी प्रत्यक्षात मोजक्याच बिंदूंवर टेकतात, आणि मधल्या फटींतून उष्णता नेणारी हवा आता उरलेली नसते. मध्ये उष्णतावाहक पत्री घालून स्क्रू ठरलेल्या टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळावेत. याउलट बॅटरी अपेक्षेपेक्षा थंड पडत असेल, तर ब्लँकेट उचकटण्याआधी तिच्या आधारांचे स्क्रू आणि तांब्याच्या तारांचा जुडगा तपासावा, कारण उष्णता त्यांच्यातूनही निसटते.