सोलला येताय? आधी वार बघा

आमच्याकडे सोलला, म्हणजे दक्षिण कोरियाच्या राजधानीत, वर्षाकाठी दोन-तीन पाहुणे ठरलेले. मे महिन्यात भाचरं, दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी मामा-मावशी. प्रत्येकजण ठिकाणांची भलीमोठी यादी घेऊन येतो आणि त्या यादीत नेमकी एक गोष्ट नसते : वार. पहिल्या वर्षी आई-बाबा आले तेव्हा मीही तोच घोळ घातला होता. मंगळवारची सकाळ, आईने भाड्याने घेतलेला गुलाबी हानबोक (इथला पारंपरिक पोशाख) घातलेला, केसांत मोत्यांची पिन, आणि आम्ही तिघं ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या दाराशी. दार बंद. हा राजवाडा दर मंगळवारी बंद असतो, हे मला तिथली पाटी वाचल्यावर कळलं. हानबोकचं भाडं तर भरलेलं. मग आई तो घेरदार परकर दोन्ही हातांनी उचलून धरत समोरच्या चौकात फिरली आणि बाबा तासभर ‘इथला राजा मंगळवार करतो वाटतं’ म्हणत राहिले. तेव्हापासून तिकिटं काढायच्या आधीच मी प्रत्येकाला पुढचं सगळं लिहून पाठवते.

तर एक कागद घ्या, सात रकाने पाडा. मंगळवारच्या रकान्यात ग्योंगबोकगुंगवर फुली मारा. सोमवारी छांगदॉकगुंग आणि दॉक्सुगुंग हे दोन राजवाडे, योंगसानचं युद्धस्मारक आणि उत्तर कोरियाच्या सीमेवरची सहल, या सगळ्यांवर फुली. (सुट्टीच्या वारी सण आला तर बहुतेक ठिकाणी बंदचा दिवस पुढे सरकतो, तेवढं तपासा.) म्हणजे सोमवारी करायचं काय? राष्ट्रीय संग्रहालय. ते सोमवारीही सहसा उघडं असतं, कायमच्या दालनांना तिकीट नाही, आणि पाऊस असो की उन्हाळा, आत बरं वाटतं. तिथे एका अंधाऱ्या दालनात, गालाला बोट लावून विचारात बसलेल्या बोधिसत्त्वाच्या फक्त दोन मूर्ती ठेवल्यात. अजिंठा-वेरूळ बघितलेल्या माणसाने त्या दालनासाठी अर्धा तास वेगळा काढावा. बाकीच्या संग्रहालयाला एक तास दिलात तरी मी भांडणार नाही.

वारानंतर महिना. चेरीची फुलं एप्रिलच्या सुरुवातीला येतात आणि आठवड्याभरात झडतात, त्यांच्या भरवशावर विमानाचं तिकीट काढू नका. जूनच्या अखेरीपासून जुलै संपेपर्यंत इथलाही पावसाळा, त्याला ‘छांगमा’ म्हणतात. मुंबईचा पाऊस सोडून इथल्या पावसात यायची हौस असेल तर या. जानेवारीत पारा उणे दहापर्यंत उतरतो. माझं मत विचाराल तर ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरची सुरुवात : झाडं पिवळी-लाल होतात आणि आपली दिवाळीची सुट्टीही बहुधा त्याच सुमारास पडते. फक्त दोन सण टाळा, हिवाळ्यातला सॉल्लाल, म्हणजे इथलं चांद्र नववर्ष, आणि शरदातला सुगीचा सण छुसॉक. दोन्ही चांद्र पंचांगाचे, त्यामुळे तारखा दरवर्षी हलतात (२०२६चा छुसॉक २५ सप्टेंबरला आहे). गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या भरतात तसं त्या दिवसांत सगळं सोल गावाकडे निघतं. राजवाडे उघडे असतात, पण गल्लीतली छोटी खानावळ आणि बाहेरगावची रेल्वे विसरा.

कागदपत्रांत लांबण लावत नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो, त्याला सुट्टीच्या हंगामात वेळ द्या. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायची सवय इथे मोडा. सीमेच्या सहलीला मूळ पासपोर्ट लागतो, आणि दुकानात १५,००० वॉनच्या वर खरेदी केलीत तर कर परत मिळवायलाही तोच. औषधांच्या गोळ्या मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

फोनमध्ये नेव्हर मॅप घरूनच टाकून घ्या. गूगल मॅप्स इथे चालत जायचा रस्ता दाखवण्यात आजवर लंगडंच राहिलंय, आणि ऐनवेळी चौकात उभं राहून ॲप उतरवण्यात गंमत नाही. पापागो हे भाषांतराचं ॲपही हवं. त्यात मेनूकार्डाचा फोटो काढला की निदान काय खातोय ते कळतं. १३३० हा पर्यटकांच्या मदतीचा नंबर सेव्ह करा, इंग्रजीत बोलतात आणि रात्रीही उचलतात. पोलीस ११२, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

विमानतळावर उतरल्या उतरल्या कुठल्याही छोट्या दुकानातून टी-मनी कार्ड घ्या. मेट्रो, बस, टॅक्सी, सगळीकडे चालतं. त्यात पैसे भरायला रोख नोटा लागतात असंच धरून चाला, म्हणून दहा-दहा हजार वॉनच्या चार नोटा वेगळ्या ठेवा. दिवसाला चार-पाच वेळा मेट्रो होणार असेल तर एक ते सात दिवसांचा पर्यटक पासही मिळतो. बसमधून उतरतानाही कार्ड यंत्राला लावायचं, नाहीतर पुढच्या गाडीला बदलीची सवलत मिळत नाही. मुंबईकर हे हमखास विसरतात. विमानतळाहून शहरात यायला टॅक्सी नको. पहिल्या टर्मिनलहून एक्सप्रेस रेल्वे ४३ मिनिटांत सोल स्टेशनला आणते. आणि मेट्रोत डब्याच्या टोकाच्या सीट म्हाताऱ्यांच्या, गुलाबी सीट गरोदर बायकांच्या. रिकाम्या असल्या तरी इथे कुणी बसत नाही. तुम्हीही बसू नका.

आता पायांचं बोलू. सोल हे डोंगरांच्या कुशीतलं शहर आहे. दिवसाला पंधरा हजार पावलं सहज होतात आणि त्यातली अर्धी चढाची. बूट मळलेले चालतील, नवे नकोत. पण सहज काढता-घालता येणारे हवेत, कारण जुन्या पद्धतीच्या खानावळीत दारातच बूट काढून वर जायचं असतं. म्हणून मोजे नीट तपासून आणा. माझ्या मामांचा अंगठा एका फार शिष्ट चहाघरात सगळ्यांच्या आधी आत शिरला होता. बुकछोन या कौलारू घरांच्या वस्तीत चढ भलताच आहे, आणि तिथे माणसं अजून राहतात. सगळ्यात गर्दीच्या भागात पर्यटकांनी सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढ्याच वेळात फिरायचं असा नियम आहे, मोडला तर एक लाख वॉन दंड होऊ शकतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यासमोर रोज हजार माणसं सेल्फी काढायला लागली तर आपण पाटीवर काय लिहिलं असतं, ते आठवा आणि हळू बोला. गुडघे कुरकुरत असतील तर नामसान टेकडीवरच्या टॉवरला केबल कारने जा. छंग्ग्येछॉन ओढ्याच्या काठाने मात्र सगळ्यांनी चालावं. वर उड्डाणपूल होता, तो पाडून २००५ साली खालचा बुजवलेला ओढा मोकळा केला. आता तिथे बगळे उभे असतात. बाबा त्या काठावर बसून पाऊण तास मुठा नदीबद्दल बोलले.

राजवाड्यांत दोनच करा. ग्योंगबोकगुंग १३९५ सालचा. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवर त्याच नावाचं स्टेशन आहे, दार क्रमांक ५ ने बाहेर पडलात की थेट आवारात. (इथे दाराच्या आकड्याशिवाय कुणी कुणाला भेटत नाही.) पहारा बदलण्याचा सोहळा सकाळी १० आणि दुपारी २ वाजता, तेव्हा पावणेदहाला पोचा. तिकीट ३,००० वॉन, हानबोक घातला असेल तर फुकट. दुसरा छांगदॉकगुंग, १९९७पासून जागतिक वारसा. त्याच्या मागची राजाची बाग बघायची तर वेगळं तिकीट आणि ठरावीक वेळेची फेरी लागते. ते काही दिवस आधी ऑनलाइन काढून ठेवा, पानगळीत भराभर संपतं. ती बाग चुकली तर छांगदॉकगुंगला जाण्यात अर्धाच अर्थ आहे.

सीमेच्या पट्ट्यात स्वतःचं स्वतः फिरता येत नाही, सहलीची बस धरावी लागते. एजन्सीची बस घेणार असाल तर जागा आधीच नक्की करा. उत्तरेने खणलेला, १९७८ साली सापडलेला तिसरा बोगदा दाखवतात. हेल्मेट घालून तीव्र उतार उतरायचा आणि तोच चढून यायचा, त्यामुळे दम्याच्या माणसाने वरच थांबावं. जाण्याआधी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा, गाइड सांगेलच असं नाही. १९५३ साली कोरियन युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणारे हजारो युद्धकैदी सांभाळायला दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात भारतीय फौज आली होती, आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट पट्ट्यात उतरवावं लागलं. त्यांच्या छावणीचं नाव हिंद नगर. दुर्बिणीतून पलीकडची शेतं बघताना हे माहीत असलं की ती सहल वेगळीच होते.

आता खाणं. शाकाहारी असाल तर या परिच्छेदाची प्रिंट काढा. ‘गोगी पे जुसेयो’ म्हणजे मांस काढून द्या. हे पाठ करून मावशी किंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल) घ्यायला गेल्या आणि त्यात हॅमचा लांबडा तुकडा निघाला. दुकानातल्या आजींनी तो निमूटपणे काड्यांनी ओढून काढला आणि बाकीचा किंबाप परत पुढे केला, चेहऱ्यावर ‘आता तर झालं ना?’ असा भाव. इथे पुष्कळांच्या लेखी हॅम हे मांसात धरत नाहीत, आणि मासे तर नाहीतच. किमचीत, म्हणजे इथल्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचं पाणी असतं. साध्या दिसणाऱ्या रश्शात मांदेलीच्या जातीचे सुकवलेले छोटे मासे उकळलेले असतात. तेव्हा मांस, मासे, कोळंबी, अंडं, हॅम, माशाचा रस्सा, एवढं सगळं नाव घेऊन कोरियनमध्ये लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मांस-अंड्याशिवाय मागता येतो. उन्हाळ्यात सोयाबीनच्या गार दुधातल्या शेवया मिळतात, खोंगुक्सु. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची तर चैन आहे. बौद्ध मठांच्या पद्धतीच्या जेवणात मांस-मासे नसतातच, वर कांदा-लसूणही नसतं. इन्सादोंग भागात अशा जागा आहेत, महाग असतात, आधी फोन करून जा. अगदीच जीव कासावीस झाला तर इतेवॉनला भारतीय हॉटेलं आहेत. पण पहिल्याच दिवशी तिकडे पळू नका.

१९०५ सालापासूनच्या ग्वांगजांग बाजारात मात्र उपाशी जा. तिथे भिजवलेले मूग दगडी जात्यावर दळत असतात. जातं विजेवर फिरतं, पिठाची पिवळसर धार खाली पातेल्यात पडत असते, आणि शेजारी बाई ते पीठ डावाने उचलून तेलाच्या तळ्यात सोडते. हे बिंदेत्तॉक, म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच, फक्त बोटभर जाड आणि चकलीसारखं खमंग. काही ठिकाणी पिठात डुकराचं मांस घालतात, आधी विचारा. गोडात हॉत्तॉक घ्या, आत गूळसाखर-दालचिनीचं सारण, पुरणपोळीची लांबची बहीण. पहिला घास जपून, सारण जिभेला चटका देतं. खानावळीत टेबलाच्या कडेला खण असतो, चमचे-काड्या त्यात. त्या शोधत वेटरला हाका मारू नका. भात चमच्यानेच खायचा असतो, काड्यांची परीक्षा कुणी घेत नाही. पाणी फुकट, सोबतच्या छोट्या वाट्या परत मागितल्या तरी फुकट, आणि टीप ठेवायची नाही. मांस भाजून देणाऱ्या बऱ्याच ठिकाणी एकट्यासाठी ताट मिळत नाही, किमान दोघांचं घ्यावं लागतं.

बॅगेत : वीज २२० व्होल्टच आहे, दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर तसाच बसतो, तीन पिनांच्या वस्तूला मात्र ॲडॅप्टर लागतो. घडीची छत्री. पाण्याची रिकामी बाटली. एक कचऱ्याची पिशवी, कारण रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नाहीत आणि तरी रस्ते स्वच्छ आहेत. कॉफीचा रिकामा कप घेऊन तुम्ही दोन किलोमीटर चालणार आहात.

आणि दोन संध्याकाळी काढून कोरियन लिपी शिका, खरंच. सेजोंग राजाने १४४३ साली ती तयार केली, १४४६ला जाहीर केली. ग्वांगह्वामुन चौकात तो पुस्तक घेऊन सोनेरी बसलाय. मूळ अक्षरं चोवीस, आणि आपल्या बाराखडीसारखं व्यंजनाला स्वर जोडायचा. शेवटचं व्यंजन तेवढं पायाशी बसतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याची क आणि ख मध्ये त्रेधा उडते, आपल्या कानाला ते जन्मापासून वेगळे. स्टेशनाची पाटी वाचता आली की भाचरांना जो चेव येतो, तो कुठल्याच थीम पार्कमध्ये येत नाही.

शेवटची रात्र हान नदीसाठी ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर असेल तर बान्पो पुलाखाली बसा, पुलाच्या दोन्ही कडांवरून रंगीत कारंजी नदीत उडतात. काठावरच्या दुकानात यंत्रावर नूडल्स शिजवून मिळतात. तेही शाकाहारी नसतात, तेव्हा घरून डबा.

माझ्यासाठी काही आणू का, असं सगळेच विचारतात. हापूस नको. ताजी फळं, बिया आणि मांस विमानतळावर काढून घेतात, आणि मला ते दृश्य दुसऱ्यांदा बघायचं नाही. मेतकूट आणा, अर्धा किलो.