फॉग लाइटचे बल्ब बदलताना: रस्ता दिसावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत

पावसाळ्यात आंबोली, माळशेज किंवा महाबळेश्वरच्या घाटात दाट धुक्यात अप्पर लावला, की समोर पांढरी भिंत उभी राहते. प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून फॉग लाइट बंपरमध्ये खाली बसवलेले असतात. त्यांचा झोत पसरट असतो, वरच्या बाजूने सरळ कापलेला असतो आणि रस्त्यालगत जातो. त्यात कडेचा पट्टा, कठडा, वळण दिसते. नवा बल्ब घेताना झोताचा हा वरचा काठ टिकला पाहिजे. बाकी सगळे त्यानंतर.

आधी दिव्याची काच पुसून पाहा. चिखलाचा थर गेला, की बऱ्याचदा जुनाच बल्ब पुरेसा ठरतो. काच आतून पिवळी किंवा धुरकट झाली असेल, तर कितीही महाग बल्ब घातला तरी फरक पडणार नाही. अशा वेळी पूर्ण दिवा बदला.

बल्ब कोणता ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा जुन्या बल्बच्या बुडाशी लिहिलेले असते. एच८, एच११ आणि एच१६ हे प्रकार दिसायला सारखेच, पण अनुक्रमे ३५, ५५ आणि १९ वॅटचे. 'बसतोय ना, मग चालेल' हे दुकानदाराचे म्हणणे ऐकू नका. १२ व्होल्टवर ५५ वॅटचे दोन बल्ब सुमारे ९ अँपिअर ओढतात. १०० वॅटचे लावले तर साडेसोळाहून जास्त. तेवढ्यासाठी ना वायरिंग असते, ना होल्डर. फ्यूज उडाला तर नशीब म्हणा, नाहीतर प्लास्टिक वितळते. मूळ वॅटचाच, चांगल्या प्रतीचा बल्ब घ्या. त्यावर वर्तुळातले इंग्रजी ई अक्षर, म्हणजे मान्यतेची खूण, आहे का ते बघा.

पिवळा की पांढरा? दाट धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा धुके 'भेदतो' असे नाही. मात्र त्यात निळा भाग कमी असल्याने डोळ्यांना तो सुसह्य वाटतो. ६००० केल्विनचे निळसर पांढरे बल्ब मात्र मी कुणालाही सुचवणार नाही.

हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब घालणे हा सगळ्यात मोठा घोटाळा. आतला आरसा हॅलोजन बल्बमधल्या तापून उजेड देणाऱ्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीच्या चिप्स त्या जागी नसल्या, की काठ विस्कटतो आणि उजेड वर उडतो. गाडीला मुळातच एलईडी फॉग लाइट असतील, तर बहुधा बल्ब वेगळा निघत नाही, पूर्ण युनिटच बदलावे लागते.

आता प्रत्यक्ष काम.

१. इंजिन आणि दिवे बंद करा, बल्ब निवू द्या. हँडब्रेक ओढा.

२. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. चाकावरच्या प्लास्टिक अस्तराचे पुढचे स्क्रू आणि क्लिपा काढल्या, की हात आत जातो. काही गाड्यांत बंपरखालून वाट असते. गाडी उचलावी लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

३. कनेक्टरची खिटी दाबून तो ओढा. वायर धरून ओढू नका. बल्ब घड्याळाच्या उलट दिशेने थोडा फिरवून काढा.

४. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. त्वचेच्या तेलाचा डाग तिथेच तापून बल्ब लवकर जातो. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. रबरी रिंग जागेवर आहे ना ते पाहा. ती निसटली तर पहिल्याच पावसात दिव्यात पाणी शिरेल.

५. खाचा जुळवून बल्ब बसवा, फिरवून घट्ट करा, कनेक्टर लावा, दिवा पेटवून बघा आणि मगच अस्तर बंद करा.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करत नाहीत. अंधार पडल्यावर सपाट जागी, भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. उजेडाचा वरचा काठ त्या खुणेच्या सुमारे १२ सेंटिमीटर खाली हवा. वर असेल, तर दिव्यामागचा किंवा शेजारचा स्क्रू फिरवून झोत उतरवा. मग जमिनीपासून दीड मीटरवर डोळे ठेवून स्वतः भिंतीपाशी उभे राहा आणि डोळे दिपतात का ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दिपवण्याविषयीच्या नियमातही हीच ८ मीटर आणि दीड मीटरची मापे आहेत.

वापराचे सांगायचे तर, शंभरेक मीटरपलीकडचे दिसेनासे झाले, की फॉग लाइट आणि लो बीम (हेडलाइटचा खालचा झोत) लावा. धुके विरले, की लगेच बंद करा. ओल्या डांबरावरून हाच उजेड उसळून समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो आणि त्याच्यापुढे तर काचही नसते. चालत्या गाडीत हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावू नका. वळताना तुमचा इंडिकेटर कुणालाच कळत नाही. मागचा लाल फॉग लाइट असेल, तर मागची गाडी जवळ येऊन तिचे दिवे आरशात स्पष्ट दिसू लागले, की तो बंद करा. त्याच्या झगमगाटात तुमचा ब्रेक लाइट पटकन ओळखू येत नाही.